एचए पेअरमधली डिस्कची वाटणी

नेटअ‍ॅप कंपनीच्या स्टोरेजमध्ये दोन कंट्रोलर (डिस्क चालवणारे कॉम्प्युटर) जोडीनं लावतात, एक पडला तरी काम चालू राहावं म्हणून, त्याला एचए (हाय अव्हेलेबिलिटी) पेअर म्हणतात, आणि यातली कुठली डिस्क कुणाची हे ठरवणं म्हणजे डिस्क ओनरशिप. केबल दोन्ही कंट्रोलरकडून प्रत्येक शेल्फला (डिस्क बसवायच्या पेटीला) गेलेली असते, म्हणजे डिस्क दिसतात दोघांनाही, पण एका वेळी मालक एकच. घर एक, चुली दोन. खूप जुन्या बॉक्समध्ये केबल कुठं लावली त्यावरून मालकी ठरायची, आता ती सॉफ्टवेअरनं ठरते आणि त्या डिस्कवरच लिहिलेली असते.

नवीन डिस्क घातली की ऑटो-असाइन दर पाच मिनिटांनी बघतं आणि पॉलिसीप्रमाणे मालक लावतं. पॉलिसी स्टॅकप्रमाणे (एकमेकांना जोडलेल्या शेल्फच्या गटाप्रमाणे), शेल्फप्रमाणे किंवा बेप्रमाणे (शेल्फमधल्या खणाप्रमाणे) असते, बेवाल्यात सम नंबरचे खण एकाला आणि विषम दुसऱ्याला. नाहीतर 'स्टोरेज डिस्क असाइन' कमांड हातानं मारायची.

खरी गंमत हिशोबात आहे. 24 डिस्कचं एकच शेल्फ धरा, 12-12 वाटल्या. प्रत्येकाच्या रूट अ‍ॅग्रिगेटला (कंट्रोलरच्या स्वतःच्या सिस्टीमसाठीच्या डिस्कगटाला) रेड-डीपीत, म्हणजे दोन डिस्क उडाल्या तरी डेटा टिकावा म्हणून दोन पॅरिटी डिस्क ठेवायच्या पद्धतीत, 3 गेल्या, एक स्पेअर (राखीव) ठेवली, उरल्या 8, त्यातल्या 2 पॅरिटीच्या, म्हणजे डेटाला फक्त 6. दोघांच्या मिळून 12, अर्धं शेल्फ असंच गेलं! म्हणून काही जण दुसऱ्याला रूटपुरत्या 3 आणि एक स्पेअर देऊन बाकी 20 पहिल्याला देतात, मग डेटाला 14 मिळतात, पण दुसरा कंट्रोलर नुसता बसून राहतो. डेटा ऑनटॅप या नेटअ‍ॅपच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या 8.3 आवृत्तीपासून डिस्कचेच तुकडे पाडून रूटला छोटासा तुकडा देता येतो, त्यामुळं लहान बॉक्सवाल्यांची ही रड बरीच कमी झाली.

स्पेअरच्या बाबतीत भलेभले फसतात. डिस्क उडाली, शेजारच्या खणात स्पेअर हिरवा दिवा लावून बसलीय, तरी रिबिल्ड (उडालेल्या डिस्कचा डेटा स्पेअरवर पुन्हा उभारणं) सुरूच होत नाही, कारण ती स्पेअर जोडीदाराच्या नावावर. आधी तिची मालकी काढायची, मग आपल्या नावावर करायची, तेव्हा कुठं काम सुरू होतं, म्हणून स्पेअर दोन्हीकडं हवीच.

एक कंट्रोलर पडला की दुसरा टेकओव्हर करतो, पडलेल्याच्या डिस्कचा ताबा घेतो आणि त्याचं काम स्वतःच्या कामासोबत चालवतो. लिहायला आलेला पण अजून डिस्कवर न गेलेला जो डेटा असतो, त्याची कॉपी जोडीदाराच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) आधीच असते, त्यामुळं तो डेटा जात नाही. या काळात ओनर बदललेला दिसतो, होम ओनर (मूळ मालक) मात्र जुनाच राहतो, आणि त्यावरूनच गिव्हबॅकच्या, म्हणजे पडलेला कंट्रोलर उठल्यावर डिस्क परत करायच्या वेळी कुणाचं काय परत द्यायचं ते कळतं. फक्त दोघंही आधीच 70 टक्के लोडवर पळत असतील तर टेकओव्हर होईल, पण नंतर सगळं रडतखडत चालेल. रोजचा लोड निम्म्याच्या आतच ठेवलेला बरा.