हीटर प्लग (जुने डिझेल ट्रॅक्टर)

गार पडलेले डिझेल इंजिन चालू करण्यापूर्वी ज्वलनकक्षातील हवा तापवणारा विजेचा छोटा तापक. कंपनीच्या पुस्तकांत यालाच ग्लो प्लग म्हणतात. सातारा-सांगलीच्या गॅरेजांत नुसते ‘हीटर’. पेट्रोल इंजिनाच्या प्लगसारखी ठिणगी तो देत नाही. सेल्फ मारण्याआधी १५ ते ३० सेकंद, फार जुन्या इंजिनात त्याहून जास्त वेळ, तो लाल होईपर्यंत तापवायचा आणि इंजिन उठले की त्याचे काम संपते.

डिझेल पेटते ते दाबाने तापलेल्या हवेत. पिस्टन हवेला १६ ते २२ पट दाबतो, ती ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. डिझेल स्वतःहून पेटायला २१० ते २५० अंशांच्या आसपास उष्णता पुरते, म्हणजे तंदुरुस्त इंजिनाच्या हाताशी भरपूर उष्णता शिल्लक असते. थंडीत ही शिल्लक तीन वाटांनी जाते. गार हेड (सिलिंडरचे झाकण) आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) ती शोषून घेतात. ऑइल घट्ट झाल्याने आणि बॅटरीचा जोर कमी पडल्याने इंजिन सावकाश फिरते. सावकाश फिरले की दाबलेल्या हवेला पिस्टनभोवतीच्या झिजलेल्या रिंगांमधून निसटायला वेळ मिळतो. या तिन्हींपैकी हीटर फक्त पहिल्या वाटेची भरपाई करू शकतो.

प्रत्येक ट्रॅक्टरला हीटर असतो असे नाही. ज्या इंजिनांत डिझेल आधी एका लहान पूर्वकक्षात फवारले जाते, तिथे हवा अरुंद तोंडातून आत शिरताना आणखी थंड होते. म्हणून त्या कक्षातच प्लग बसवावा लागतो. महिंद्रच्या भागीदारीतून भारतात आलेल्या इंटरनॅशनल बी-२७५ चे चार सिलिंडरचे मूळ इंजिन असे होते. ब्रिटनमधील फर्ग्युसन ३५ चे १९५६ ते १९५९ या काळातील स्टँडर्ड २३सी इंजिन तर थंडीत न उठण्यासाठीच बदनाम झाले. त्याच्या जागी आलेले तीन सिलिंडरचे पर्किन्स इंजिन डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत फवारते. तेथे सिलिंडरात प्लग नसतो. हवा आत येण्याच्या नळीत ‘थर्मोस्टार्ट’ असतो. त्याची तार तापली की झडप उघडते, डिझेलचे थेंब तापल्या तारेवर पडून पेटतात आणि आत जाणारी हवा गरम होते. त्याच्या छोट्या टाकीत डिझेल नसताना बटण दाबत राहिल्यास तार जळते. आपल्याकडच्या अनेक ट्रॅक्टरांच्या नावामागे ‘डीआय’ लागते, ते याच थेट फवाऱ्यामुळे. असा ट्रॅक्टर घेऊन हीटर बदलायला येणारे शेतकरी आजही भेटतात.

जुन्या प्लगांची खरी अडचण जोडणीत आहे. पहिल्या पिढीचे उघड्या तारेचे प्लग दीड-दोन व्होल्टचे असत आणि चारही एकामागून एक, एकाच माळेत जोडलेले. उरलेला विजेचा दाब डॅशबोर्डवरच्या दर्शक तारेत आणि रोधकात खर्च होई. एक प्लग तुटला की चारही मेले आणि दर्शक तारही लाल होत नाही. तुटलेला शोधायला एकेका प्लगची दोन टोके क्षणभर जाड तारेने जोडून पाहतात. ज्याला वगळल्यावर दर्शक तापतो तो दोषी. नंतरचे पेन्सिलीसारखे बंद प्लग १०-१२ व्होल्टचे, प्रत्येकाला स्वतंत्र वीज मिळणारे. त्यातला एक गेला तर तेवढाच सिलिंडर मागे राहतो, इंजिन एका बाजूने फडफडत आणि पांढरा धूर टाकत उठते. हे दोन प्रकार अदलाबदल करून चालत नाहीत. जुन्या माळेत नवा प्लग लावला तर माळ नीट तापत नाही आणि जुना प्लग थेट बॅटरीला जोडला तर क्षणात जळतो. दुकानात प्लग मागताना आटे जुळले एवढ्यावर थांबू नये, अंगावर कोरलेले व्होल्ट वाचावेत.

कृष्णाकाठी ट्रॅक्टर न उठण्याची तक्रार वाढते ती उसाच्या हंगामात. गळीत हंगाम आणि थंडी एकाच वेळी येतात, आणि दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात नंबर लावून रात्रभर उभे असतात. इंजिन बंद, दिवे चालू, टेप चालू. पहाटे वजनकाट्याकडे सरकायची वेळ आली की बॅटरी उतरलेली. दोष मात्र हीटरच्या माथी येतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते ती थंडी वेगळी. वाळवा, पलूस, कराडच्या सखल भागात पारा एवढा खाली क्वचितच जातो. या हवामानात चांगल्या रिंगांचे, भरल्या बॅटरीचे डीआय इंजिन हीटरशिवाय उठायलाच हवे. मागच्या वर्षी लागत नव्हता आणि यंदा लागतो, तर प्लगपेक्षा कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवेला मिळणारा दाब) आधी तपासावे. विहिरीवरच्या जुन्या एक सिलिंडरच्या इंजिनांना हीटर नसे. डीकॉम्प्रेशनचा (दाब सोडून देणारा) खटका उचलून हँडलने वेग द्यायचा आणि खटका सोडायचा; वेग आणि दाब मिळाला की ती भर थंडीत चालत.

धुरावरून बरेच कळते. सेल्फ मारताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पेटत मात्र नाही: हीटर, कॉम्प्रेशन किंवा फिरण्याचा वेग पाहावा. धूरच नसेल तर डिझेल पोहोचलेले नाही. फिल्टर तुंबला असेल किंवा लाइनने एअर धरली असेल. तिथे हीटर कितीही तापवून उपयोग नाही.

पेटता बोळा एअर क्लीनरच्या तोंडाशी धरणे किंवा ईथर या चटकन पेटणाऱ्या द्रवाचा फवारा मारणे हे उपाय सर्रास चालतात. हीटर वा थर्मोस्टार्ट तापलेला असताना ईथर मारल्यास ते नळीतच स्फोटासारखे पेटते. वारंवार मारल्यास पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात आणि कॉम्प्रेशन आणखी घटते. त्यापेक्षा भरलेली दुसरी बॅटरी जोडणे शहाणपणाचे.

प्लग बदलताना हेडमधल्या भोकातला कार्बन साफ करावा, नाहीतर नवा प्लग नीट बसत नाही. त्याच वेळी नोझलही टेस्टवर लावावे, कारण गळके नोझल प्लगचे टोक जाळते. घट्ट अडकलेला प्लग जोराने फिरवल्यास हेडमध्येच तुटतो. आधी तेल सोडून मुरू द्यावे आणि इंजिन कोमट असताना हळूहळू, पुढे-मागे करत काढावा.