गार्डन ट्रॅक्टरचे ‘हंटिंग’ आणि मॅक्सवेलचे समीकरण

इंदूरबाहेरच्या एखाद्या फार्महाउसवर एका सिलिंडरचा जुना गार्डन ट्रॅक्टर उभ्या जागी आपोआप रेस घेऊ आणि सोडू लागला (यालाच ‘हंटिंग’ म्हणतात), की मिस्त्री गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग कायम राखणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगला हात घालतो आणि मालक बॉनेटला लिंबू-मिरची बांधतो. दोन्ही उपायांची योग्यता जवळपास सारखीच आहे. फरक इतकाच, की लिंबू-मिरचीने इंजिनाचे नुकसान होत नाही.

अशा इंजिनाच्या गव्हर्नरमध्ये, क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या खालच्या पेटीतल्या) एका गिअरवर छोटी वजने बसवलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात, आतली पिन ढकलतात, बाहेरचा आर्म वळतो आणि कार्बोरेटरचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारे हवा-पेट्रोलचे मिश्रण कमी-जास्त करणारी झडप, मिटू लागतो. स्प्रिंग त्याच आर्मला उलट, म्हणजे थ्रॉटल उघडण्याच्या दिशेने, ओढत असते. रेसच्या लिव्हरने आपण थ्रॉटल थेट हलवत नाही, तर या स्प्रिंगचा ताण बदलतो.

खरी गंमत दिरंगाईत आहे. मिनिटाला १८०० फेरे घेणाऱ्या एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात सेकंदाला १५ स्फोट होतात आणि दोन स्फोटांच्या मध्ये गव्हर्नरने थ्रॉटल कितीही हलवला तरी इंजिनाला नवा जोर मिळत नाही. शिवाय फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेले फिरते चाक) जड असल्याने वेग सावकाश बदलतो. परिणामी वेग जागेवर येईपर्यंत थ्रॉटल गरजेपेक्षा जास्त उघडलेला असतो, वेग पुढे जातो, मग थ्रॉटल जास्त मिटतो आणि हे दोलन चालू राहते. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. हे दोलन केव्हा विझते आणि केव्हा वाढत जाते, याचे गणित भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडले. यंत्राच्या गतीचे समीकरण लिहिले, की दोलन विझण्यासाठी त्याच्या प्रत्येक मुळाचा (म्हणजे उकलीचा) वास्तव भाग ऋण असावा लागतो. एक जरी धन निघाला, तरी किरकोळ धक्काही वाढत जातो. हालचालीला तिच्या वेगानुसार रोखणारे, तेलासारखे घर्षण या मुळांना ऋण बाजूला ढकलते. गंजलेल्या सांध्याचे कोरडे घर्षण मात्र आर्मला अडकवून ठेवते आणि मग झटक्याने सोडते, म्हणून ते दोलनाला उलट खतपाणी घालते.

पण जुन्या ट्रॅक्टरवर पुष्कळदा गव्हर्नर निर्दोष असतो. भार नसताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि पेट्रोल बारीक आयडल जेटमधून (मंद वेगासाठीच्या छिद्रातून) येते. महिनोन्महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने ते जेट तुंबले, किंवा कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून अथवा झिजलेल्या थ्रॉटल शाफ्टच्या बाजूने जादा हवा शिरली, की मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, वेग पडतो. गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, मेन जेट (मोठे छिद्र) पेट्रोल देते, वेग चढतो, थ्रॉटल पुन्हा मिटतो. म्हणून प्रथम चोक, म्हणजे हवा कमी करून मिश्रण दाट करणारी झडप, थोडा ओढून पाहावा. त्याने इंजिन स्थिर झाले, तर दोष मिश्रणाचा आहे आणि स्प्रिंगला हात लावण्याचे कारण नाही.

चोकने फरक पडला नाही, तर इंजिन बंद करून लिंकेज (आर्म आणि थ्रॉटल जोडणारी सळई) मोकळे हलते का, हे पाहावे. मग आर्मचा क्लॅम्प ढिला करून थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा, गव्हर्नरचा शाफ्ट त्याच दिशेने जाईल तितका फिरवावा आणि क्लॅम्प कसावा. आर्मवर स्प्रिंगसाठी अनेक छिद्रे असतील, तर शाफ्टपासून दूरचे छिद्र गव्हर्नरचा तल्लखपणा कमी करते. हंटिंग ओसरते, मात्र भार पडल्यावर वेग थोडा अधिक उतरतो. कार्बोरेटर स्वच्छ असेल, तरच हा सौदा करावा.

स्प्रिंग ताणून किंवा वाकवून ‘दम’ वाढवण्याची युक्ती मात्र धोक्याची आहे. या इंजिनांचा कमाल वेग बहुधा मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास बांधलेला असतो, आणि पिस्टनला खाली-वर फेकताना कनेक्टिंग रॉडवर येणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला, तर ते सव्वादोनपट होते.