सागाचं रान वर्षावन का नाही?

मागच्या ऑगस्टमध्ये नागपूरहून पेंचच्या रस्त्याने चाललो होतो. मनसर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी सागाचं रान सुरू झालं. पानं सुपाएवढी, खोडांवर शेवाळ, कुठेही बघा पाणी ठिबकतंय. भाच्याने विचारलं, "मामा, हेच ना रेनफॉरेस्ट?"

त्याचं चुकलं नव्हतं. नावावरून तरी तसंच वाटतं. आंद्रेआस शिंपर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1898 मध्ये 'रेगेनवाल्ड' हा शब्द वापरला. रेगेन म्हणजे पाऊस, वाल्ड म्हणजे वन. रेनफॉरेस्ट त्यावरूनच आलं आणि आपल्या वर्षावनाचा अर्थही तोच. पण आपल्या शब्दात एक जास्तीची खूण दडली आहे. संस्कृतात 'वर्ष' म्हणजे पाऊसही आणि सालही. वर्षावनाला या दोन्हींची गरज असते, पाऊस हवा आणि तो वर्षभर हवा.

आंबोलीत वर्षाला सुमारे 7,000 मिमी पाऊस कोसळतो. सिंगापूरला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही पडत नाही, तरी अस्सल वर्षावन आहे ते सिंगापूरच्या बुकित तिमा टेकडीवर. कारण तिथे सरासरी 100 मिमीपेक्षा कमी पावसाचा महिनाच नाही. आंबोलीचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि पुढे झाडांना धुक्यावर, दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर दिवस काढावे लागतात. सह्याद्रीत जसजसं दक्षिणेला जावं तसे कोरडे महिने कमी होतात आणि केरळात सायलेंट व्हॅलीसारखी खरी वर्षावनं भेटतात. (उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर थंड हवेतलीही वर्षावनं आहेत, पण त्यांची गोष्ट वेगळी.)

आता नागपूर. सरासरी पाऊस साधारण 1,100 मिमी, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्यानंतर सात-आठ महिने कोरडे आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर. पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून पाणी सतत उडून जात असतं. जमिनीतून भरपाई होत नसेल तर पान सांभाळणं झाडाला परवडत नाही. म्हणून आपला साग उन्हाळ्याआधीच पानं गाळून टाकतो आणि पळस निष्पर्ण फांद्यांवर फुलतो. वर्षावनातली झाडंही पानं टाकतात, पण प्रत्येक आपापल्या वेळेला, त्यामुळे रान कधी उघडं पडत नाही.

या एका फरकाने दोन्ही रानांचं सगळं बिऱ्हाडच बदलतं. वर्षावनात तीस-चाळीस मीटर उंचीवर पानांचं छत असतं आणि जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के उजेड पोचतो. तळाशी गवत जवळजवळ नाही. फुलं, फळं, कीटक, पक्षी, सगळा संसार वरच्या मजल्यावर चालतो. सायलेंट व्हॅलीतलं सिंहपुच्छ माकड आयुष्याचा बहुतेक काळ झाडांवरच घालवतं. आपल्याकडे पानगळ झाली की ऊन थेट भुईवर येतं, पावसात गवत वर निघतं, गवतावर चितळांचे कळप आणि गवे चरतात आणि त्यांच्या मागे वाघ येतो. पेंचला जीपमधून आपल्याला इतकी जनावरं दिसतात त्याचं श्रेय या कोरड्या महिन्यांनाही आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

"मग याला काय म्हणायचं?" भाच्याने विचारलं. वनशास्त्रात याला शुष्क पानझडी वन म्हणतात. पण मी त्याला म्हटलं, "जंगल म्हण." चरकसंहितेत 'जांगल' देश म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडीचा, मोकळ्या हवेचा प्रदेश. दलदलीच्या, ओल्या मुलखाला तिथे 'आनूप' हा निराळा शब्द आहे. जांगलवरून आलेलं जंगल पुढे इंग्रजीत गेलं आणि तिथे त्याचा अर्थ पालटून ॲमेझॉनच्या घनदाट रानाला चिकटला. देवलापार येईपर्यंत भाचा खिडकीतून सागाची झाडं मोजत होता.