निळा बेडूक वेगळी प्रजाती का राहिला नाही

दक्षिण सुरिनाममध्ये, ब्राझीलच्या सीमेला लागून, सिपालिविनी नावाचं मोठं माळरान आहे. गवतात मधूनच रानाची बेटं लागतात आणि त्यांत ओढ्याकाठच्या दगडांवर गडद निळा बेडूक दिसतो. स्थानिक नाव ओकोपिपी. 1969 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि 'डेंड्रोबेटिस अझ्युरियस' ही नवी प्रजाती नोंदली गेली.

तेव्हा ते पटण्यासारखंच होतं. निळ्या पाठीवर काळे ठिपके, प्रत्येक बेडकाची नक्षी वेगळी, पाय अंगापेक्षा गडद. त्याच वंशातल्या, जवळच्या 'डेंड्रोबेटिस टिंक्टोरियस' या बेडकाच्या पाठीवर सहसा असतात तसे पिवळे पट्टे नाहीत. शिवाय ओलाव्यावर जगणारा चार सेंटिमीटरचा जीव उन्हाने तापलेला माळ ओलांडून इतर बेडकांत मिसळणार कसा?

टिंक्टोरियस हे नाव त्याआधीचं, 1797 चं. पोपटाची पिसं उपटून तिथे हा बेडूक चोळला की नवी पिसं वेगळ्या रंगाची येतात, या जुन्या समजुतीवरून त्याला 'रंगारी' म्हटलं गेलं. त्याला विषारी बाणांशी जोडतात ते मात्र चूक. तसं विष पश्चिम कोलंबियात, फायलोबेटिस या दुसऱ्याच वंशातल्या बेडकांपासून घेत.

खरा वाद 2006 चा. मायटोकॉन्ड्रियल डीएनएची (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातल्या डीएनएची) तुलना झाली तेव्हा निळे बेडूक वंशवृक्षाच्या वेगळ्या फांदीवर आलेच नाहीत, ते टिंक्टोरियसच्याच फांद्यांमध्ये सापडले. टिंक्टोरियसचा रंग तर डोंगरागणिक बदलतो: कुठे पिवळा, कुठे पांढरा, कुठे जवळजवळ काळा. अझ्युरियस वेगळा ठेवायचा, तर बाकीच्यांचेही तुकडे पाडावे लागले असते. म्हणून ते नाव टिंक्टोरियसचं समानार्थी ठरलं, म्हणजे निळा टिंक्टोरियसमध्येच धरला गेला. विरोधकांचं म्हणणं असं, की हा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे त्यात अर्धीच वंशावळ दिसते. आक्षेप चुकीचा नाही, पण निव्वळ रंगावर प्रजाती उभी करण्यापेक्षा हा आधार मला भक्कम वाटतो. त्याच वर्षी डेंड्रोबेटिस वंशही फुटला आणि त्यातल्या काही प्रजाती ऊफागा, रॅनिटोमेया, अ‍ॅडेल्फोबेटिस या वेगळ्या वंशांत गेल्या. टिंक्टोरियस मूळ वंशातच राहिला.

मला खटकतं ते पुढचं. थोड्याशा रानबेटांपुरता असल्यामुळे अझ्युरियस 2004 मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' होता. टिंक्टोरियसला 'किमान चिंता' हा दर्जा आहे आणि विलीनीकरणानंतर निळ्याची गणनाही त्यातच होते. नाव गेलं, पण बेटं तितकीच लहान आहेत. वेगळ्या नोंदीची गरज प्रजाती नसलेल्या समूहालाही असू शकते, हे या प्रकरणात पुरेसं बोललं गेलं नाही.

आज या प्रजातीचा विस्तार गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना आणि उत्तर ब्राझीलमधल्या अमापा व पारा राज्यांपर्यंत धरतात. बेडूक पाळणाऱ्यांच्या बाजारात मात्र निळा अजून 'अझ्युरियस' म्हणूनच विकला जातो. आंतरराष्ट्रीय व्यापाराला 1987 पासून परवाना लागतो, आणि आता त्या कागदावर प्रजातीचं नाव टिंक्टोरियस असतं.