मी खातो भात: करेन भाषांचं कोडं

मराठीत आपण म्हणतो, ‘मी भात खातो’. बर्मी माणूस म्हणतो, ‘ङा थमिन सा दे’. ङा म्हणजे मी, थमिन म्हणजे भात, सा म्हणजे खाणं, आणि शेवटचा दे ही क्रियापदाची शेपटी. शब्द परके वाटतात, पण क्रम अगदी आपलाच. त्याच म्यानमारच्या पूर्व डोंगरांत राहणारा, स्गॉ नावाची करेन भाषा बोलणारा शेतकरी मात्र म्हणतो, ‘या ऑ मे’. मी, खातो, भात. क्रियापद मधे येऊन बसलेलं.

एवढ्याशा अदलाबदलीने भाषाशास्त्रज्ञांना बरंच छळलं आहे. लडाखपासून तिबेट, नागालँड, मणिपूर ते थेट इरावतीच्या खोऱ्यापर्यंत तिबेटी-बर्मी गटाच्या काही शे भाषा पसरल्या आहेत. त्या जवळजवळ सगळ्या क्रियापद शेवटी ठेवतात. ठळक अपवाद दोनच: चीनच्या युन्नान प्रांतातली ‘बाई’ नावाची भाषा आणि करेन भाषांचं सगळं कुटुंब. पॉल बेनेडिक्ट या अमेरिकन अभ्यासकाने तर १९७२ साली चिनी-तिबेटी या मोठ्या घराण्याची वंशावळ मांडताना करेनला वेगळी चूल मांडून दिली. एका बाजूला तिबेटी-बर्मी, दुसऱ्या बाजूला करेन, आणि दोघांचं मिळून नाव ‘तिबेटो-करेन’.

पण शब्द पाहावेत तर ते या वाटणीला जुमानत नाहीत. माशाला स्गॉ करेनमध्ये न्या, बर्मीत ङा, तिबेटीत न्या. कानाला स्गॉत ना आणि बर्मीतही ना. ‘मी’साठी स्गॉत या, बर्मीत आणि तिबेटीत ङा. कान, मासा, मी हे शब्द कुणी बाजारातून उसने आणत नाही. ते घरातलेच असतात. म्हणजे करेन या घरातल्याच. मग वाक्य असं उलटंपालटं कुणी केलं?

आज बहुतेक अभ्यासक बोट दाखवतात ते शेजाऱ्यांकडे. करेन लोक शतकानुशतकं मोन लोकांच्या आणि थाई-शान भाषा बोलणाऱ्यांच्या शेजारी राहिले, आणि या दोन्हींत क्रियापद मधेच असतं. पण मला सगळ्यात आवडतो तो यामागचा पुरावा, कारण तो भाषेच्या आतच पुरून ठेवलेला आहे. ‘माझं घर’ याला स्गॉ करेन म्हणतात ‘या ही’. आधी मालक, मग वस्तू, मराठीसारखंच. थाईत हे उलट आहे: घर आधी, ज्याचं ते मागून. दुसरा नमुना आणखी बोलका. ‘घरात’ म्हणायचं तर ‘लो ही पू’. ही म्हणजे घर. त्याच्या आधीचा लो म्हणजे ‘ठिकाणी’, नंतरचा पू म्हणजे ‘आत’. आधी शेजाऱ्यांच्या पद्धतीचं शब्दयोगी, नंतर जुन्या घराण्याचं. वाड्याचा दर्शनी भाग पाडून नवा बांधला, पण माजघर राहूनच गेलं, असा हा प्रकार.

हे आपल्याला नवलाचं वाटायचं कारण नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी मराठी, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्यांचा अभ्यास करून १९७१ मध्ये जे मांडलं, ते भाषाशास्त्राचे विद्यार्थी जगभर वाचतात. या गावात तिन्ही भाषांचे शब्द आपापले राहिले होते, पण वाक्याचा साचा इतका एक झाला होता की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यावं. आणि आपल्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’मधला फरक? हिंदीवाल्याला तो नीट समजावून सांगताना नाकी नऊ येतात. तोही आपण दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडून घेतला, असंच बरेच अभ्यासक मानतात.

आता ‘करेन’ या नावाविषयी. ते बाहेरच्यांनी दिलेलं आहे. बर्मी लिपीत हा शब्द ‘र’ने लिहितात आणि ‘य’ने वाचतात, म्हणून उच्चार कयिन. रंगूनचं यांगून झालं तसंच. थायलंडमध्ये तेच लोक कारियांग होतात. स्गॉ लोक स्वतःला म्हणवतात ते साधारण ‘प्गाकन्यॉ’ असं, आणि त्याचा अर्थ नुसता ‘माणूस’.

या एका छत्राखाली वीसेक भाषा आहेत. स्गॉ आणि प्वो या सर्वांत मोठ्या. शान राज्यात पाओ, लोइकॉ शहराभोवती कया, शिवाय कयान, ब्वे, गेबा अशा लहान भाषा. गळ्यात पितळी कडी घालणाऱ्या, पर्यटकांच्या कॅमेऱ्यांनी हैराण केलेल्या बायका याच कयान लोकांतल्या. (मान लांब होत नाही, गळ्याखालची हाडं दबून खाली जातात. हे एकदा सांगितलेलं बरं.) बोलणाऱ्यांचा आकडा मात्र ढोबळच. सगळ्या मिळून चाळीस लाखांच्या वर असावेत. म्यानमारच्या २०१४ च्या जनगणनेत वंशाची माहिती गोळा झाली, पण ती प्रसिद्ध केली गेली नाही. पाओ लोकांना तर ‘तुम्ही करेन का?’ असं विचारलं, तर बहुतेक जण नाही म्हणतील. भाषेचं गोत आणि माणसाची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी.

स्गॉच्या बोली बऱ्याच एकसारख्या, पण प्वोचं तसं नाही. फा-आन भागातली पूर्व प्वो आणि इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातली पश्चिम प्वो एकमेकांना कळत नाहीत. मग यांना बोली म्हणायचं ते कशाच्या जोरावर? जुन्या करेनमध्ये शब्दाच्या शेवटी येणारे अनुनासिक वर्ण पाओने जपले, प्वोने ते स्वरात विरघळवले, आणि स्गॉने सरळ टाकून दिले.

या सगळ्या भाषा सुरांच्या आहेत. अक्षर तेच, पण सूर बदलला की अर्थ बदलतो. हे सूर आले कुठून, याचा माग काढणारा आंद्रे-जॉर्ज ओद्रीकूर हा फ्रेंच माणूस मूळचा कृषिविद्येचा. १९४६ साली त्याने स्गॉ आणि प्वोचे शब्द शेजारी मांडून दाखवलं, की दोन्हींतले सूर वाटेल तसे पडलेले नाहीत. कुठला सूर येणार हे शब्दाच्या पहिल्या व्यंजनावर ठरतं. म्हणजे मूळ भाषेत सूर थोडे होते, आणि व्यंजनांच्या भेदामुळे एकेका सुराचे दोन झाले.

गळ्यावर बोट ठेवून ‘पा’ आणि ‘बा’ म्हणून बघा. ‘ब’च्या वेळी कंठ आधीपासून थरथरतो, आणि त्यामागच्या स्वराची पट्टी सुरुवातीला किंचित खाली असते. हा फरक कानाला जाणवतही नाही. पण पुढे कधीतरी लोक ‘ब’ आणि ‘प’ सारखेच उच्चारायला लागले, तर भेद सांगायला तेवढी पट्टीच शिल्लक राहते, आणि मग तिलाच लोक धरून ठेवतात. व्यंजन मेलं, सूर जन्मला. भारतातच ऐकायचं तर पंजाबी माणसाला ‘घोडा’ म्हणायला सांगा. त्याच्या तोंडून येतं ‘कोड़ा’, खालच्या सुरात. ‘घ’ गेला, त्याची जागा सुराने घेतली.

स्गॉ लिहायची वेळ आली तेव्हा या सुरांचं काय करायचं, हा प्रश्न जोनाथन वेड या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्यापुढे १८३० च्या दशकात होता. त्याने बर्मी अक्षरं घेतली. स्गॉत उच्चाराचा प्रत्येक तुकडा स्वरावरच संपतो, त्यामुळे शेवटची जागा रिकामी होती. तिथे त्याने सुरांच्या खुणा बसवल्या. पाच खुणा, आणि खूण नसेल तर सहावा सूर. या लिपीत १८४२ मध्ये टव्हॉयला, म्हणजे आजच्या दावेला, नियतकालिकही सुरू झालं. आपल्या ‘दर्पण’नंतर अवघ्या दहा वर्षांनी.

करेन लोकांत मात्र एक जुनी कथा आहे. देवाने, म्हणजे य्वाने, त्यांना पुस्तक दिलं होतं आणि ते त्यांच्या हलगर्जीपणामुळे हरवलं. एका कथेत कातड्यावरचं हे पुस्तक शेतकरी झाडाच्या बुंध्यावर विसरतो आणि कोंबड्या ते उकरून टाकतात. मिशनऱ्यांनी पहिली अर्धी कथा उचलली: तेच पुस्तक घेऊन आम्ही आलो. कोंबड्यांची अर्धी कथा दुसऱ्यांनी. लेके पंथाच्या प्वो लोकांची लिपी ‘कोंबडीने उकरलेली अक्षरं’ म्हणूनच ओळखली जाते. आपल्याकडे खराब अक्षराला ‘कुत्र्याचे पाय मांजराला’ म्हणून हिणवतात. तिथे कोंबडीचे पाय पूज्य ठरले. एकट्या प्वोलाच मिशनरी, मठातली आणि लेके अशा तीन लिपी आहेत. कया भाषेसाठी १९६२ मध्ये थ्ये बू फे यांनी पूर्णपणे नवी लिपी घडवली, आणि २००८ पासून ती युनिकोडमध्ये आहे.

१९४९ च्या जानेवारीअखेर करेन राष्ट्रीय संघटना आणि सरकार यांच्यात पेटलेली लढाई आजही पूर्ण थांबलेली नाही. १९८४ पासून थायलंडच्या हद्दीत निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या, आणि तिथून स्गॉ भाषा अमेरिकेतल्या मिनेसोटापर्यंत पोचली.

पण करेन ऐकायला इतकं लांब जायची गरज नाही. सावरकरांच्या कोठडीसाठी अंदमानला जाणारी मराठी मंडळी पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आजच्या श्री विजयपुरमहून, उत्तरेला मायाबंदरपर्यंत फारशी जात नाहीत. तिथे वेबी आणि आसपासच्या गावांत दोनेक हजार स्गॉ करेन राहतात. इंग्रजांनी जंगलकामासाठी १९२५ मध्ये त्यांच्या पणज्या-पणजोबांना ब्रह्मदेशातून आणलं. तिथलं मूल शाळेत हिंदीत म्हणतं, ‘मैं भात खाता हूँ’, आणि घरी येऊन आईला सांगतं, ‘या ऑ मे’.