चाकगाडीची ऑर्डर देण्याआधी: मागचे पाय गेलेलं बुजरं कुत्रं घरी आणणाऱ्यांसाठी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात कुत्र्यांच्या मापाच्या चाकगाड्या (मागचं अंग उचलून धरणाऱ्या), छातीभोवती बांधायचे हार्नेस आणि गळ्यातले पट्टे बनतात. वाहनाखाली येऊन मागचे पाय लुळे पडलेलं कुत्रं दत्तक घेतलं की बरेच जण पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे येतात. या जरूर, पण ऑर्डर थोडी थांबून द्या. दुकानदाराने असं सांगू नये, तरी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवरचं एक कुटुंब तपकिरी कुत्री घेऊन आलं. तिला घरी येऊन चारच दिवस झाले होते. टेप उलगडली तशी ती सरपटत शिलाई मशीनखाली गेली. आम्ही हात घालून ओढायला गेलो, ही चूक आमचीच. कारागिराच्या अंगठ्याला दात लागले. साबणाने धुऊन रेबीजची इंजेक्शनंही घ्यावी लागली. शेवटी उकडलेलं अंडं फरशीवर ठेवून सगळे चहाला गेलो, तेव्हा कुठे ती बाहेर आली. दीड महिन्याने पुन्हा आली ती मालकिणीच्या मांडीला टेकून. दहा मिनिटांत माप झालं.

थांबण्याचं आणखी एक कारण आहे. सगळा भार पुढच्या पायांवर आला की काही आठवड्यांत खांदे भरतात आणि मागची मांडी वाळते. घाईत घेतलेलं माप मग जांघेत काचतं. काहींच्या पायांत व्यायामाने थोडी ताकद परतही येते. मणक्याची दुखापत ताजी असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय गाडी नकोच.

तोवर काय करायचं? कुत्रं पलंगाखाली गेलं तर जाऊ द्या. वाटी जवळ सरकवा, पाठ किंवा कूस त्याच्याकडे करून जमिनीवर बसा आणि डोळ्यांत बघू नका. ते ओठ चाटतंय, उगाच जांभया देतंय, मान वळवतंय, तर ते घाबरलंय. पाहुण्यांना महिनाभर लांबच ठेवा. ‘आमच्याकडे सगळी कुत्री येतात’ म्हणणारे काका असतात, त्यांना तर दोन महिने.

आता लघवी. याबद्दल लोक विचारायला लाजतात आणि घोळ इथेच होतो. मणक्याला मार लागला की लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. थेंब थेंब गळतंय म्हणजे होतेय, असं समजू नका. कधी कधी लघवीची पिशवी तुडुंब भरून नुसती ओसंडत असते. पोट दाबून ती रिकामी कशी करायची, हे डॉक्टरांच्या टेबलावर स्वतःच्या हाताने शिकून घ्या. साधारण दिवसातून तीन-चार वेळा करावं लागतं. लघवी गढूळ किंवा लालसर झाली, उग्र वास आला, तर त्याच दिवशी दाखवा.

गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या अंथरा, पंजे घासत असतील तर मोजे घाला. जाड गादी द्या आणि दर काही तासांनी कूस बदला. सरपटताना मागचं अंग झाकणारी आमच्याकडची ओढपिशवी घरात चालेल, पण ओली झाली की लगेच काढा.

गाडी आली की पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे. तिच्यात कुत्र्याला नीट आडवं होता येत नाही, म्हणून गाडीत एकटं सोडून जाऊ नका. पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक अडकतं. सकाळी लवकर सपाट रस्ता धरा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून साध्या पट्ट्यातून डोकं काढून घेतं, म्हणून पट्टा आणि हार्नेस दोन्हींना दोरी हवी. हार्नेसखाली दोन बोटं जावीत, जास्त नाही. दहीहंडी आणि दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी बाहेर नेणं टाळा.

सोसायटीने लिफ्ट नाकारली तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना दाखवा: बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण लिफ्टमध्ये सांडलेलं पुसायचं मात्र तुम्हीच.

माप घ्यायला शुक्रवारी या, आधी फोन करून. त्या दिवशी शेजारच्या गाळ्यांना सुट्टी असते, मशीनचा खडखडाट नसतो. कुत्र्याची रोजची चादर आणि आवडीचा खाऊ बरोबर आणा. टेप आम्ही तुमच्याच हातात देऊ.