सोनोग्राफी ‘नॉर्मल’ होती, मग दोष निघाला कसा?

जन्मानंतर बाळाच्या हृदयात दोष सापडला की आईबाबा विचारतात, पाचव्या महिन्यातल्या अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळातले दोष शोधणाऱ्या सोनोग्राफीत, हे दिसलं कसं नाही? डॉक्टरांचा हलगर्जीपणा, असा निष्कर्षही लगेच निघतो. कधी तसं असेलही. पण आधी ध्वनी काय दाखवू शकतो ते पाहायला हवं.

पोटावर फिरवायच्या प्रोबमधले स्फटिक माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीची स्पंदनं पोटात सोडतात. शरीरातल्या मऊ ऊतींमध्ये हा ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. दोन वेगळ्या ऊतींच्या सीमेवरून त्याचा थोडा भाग परततो, आणि परतायला किती वेळ लागला यावरून यंत्र खोली ठरवतं. एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद!

आता खरी मेख. तरंगलांबीहून बारीक तपशील सुटे दिसत नाहीत. ३ मेगाहर्ट्झ वारंवारतेला (सेकंदाला ३० लाख कंपनं) तरंगलांबी अर्धा मिलिमीटर असते, १० मेगाहर्ट्झला जेमतेम ०.१५. मग १० मेगाहर्ट्झच का वापरू नये? कारण वारंवारता वाढली की शोषणही वाढतं: दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल. बाळ १० सेंटिमीटर खोल असेल तर जाऊन-येऊन प्रवास २० सेंटिमीटरचा. ३ मेगाहर्ट्झला घट ३० डेसिबल, म्हणजे तीव्रता हजारपट कमी. १० मेगाहर्ट्झला १०० डेसिबल, म्हणजे हजार कोटीपट कमी! शिवाय सीमेवरून मुळात थोडाच ध्वनी परततो. आईच्या पोटावर चरबीचा थर जाड असेल तर तपासणी अवघड होते ती यामुळेच. आणि पाहायचं काय, तर विसाव्या आठवड्यात जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीची महारोहिणी (शरीराला रक्त पुरवणारी मुख्य धमनी), तीही मिनिटाला सुमारे १४० ठोके पडणाऱ्या हृदयातून निघणारी.

त्यात गर्भाच्या हृदयात दोन वाटा मुळातच उघड्या असतात: दोन्ही कर्णिकांमधली (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधली) आणि फुफ्फुसरोहिणी व महारोहिणी यांच्यामधली. जन्मानंतर त्या बंद होतात. त्यांपैकी एखादी उघडीच राहणार असेल, तर ते विसाव्या आठवड्यात कसं ओळखणार?

हाडं ध्वनी अडवतात, त्यामुळे मागे सावली पडते. म्हणून दुभंगलेला ओठ सहसा दिसतो, पण फक्त टाळू दुभंगलेली असेल तर ती अनेकदा निसटते. काही दोष तेव्हा दिसण्याजोगे झालेलेच नसतात. अकोंड्रोप्लेझिया या हाडांच्या वाढीच्या जनुकीय दोषात हातापायांची वाढ मागे पडल्याचं बहुधा शेवटच्या तिमाहीत कळतं. उलट, कवटीचा वरचा भागच न बनणं जवळजवळ नेहमी सापडतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युरोफीटस’ या मोठ्या युरोपीय अभ्यासात दोष असलेल्या गर्भांपैकी सुमारे ६१ टक्के जन्माआधी ओळखले गेले होते. यंत्रं तेव्हापासून खूप सुधारली आहेत, पण आकडा शंभरावर गेलेला नाही. डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांत तर शरीररचना अगदी नेहमीसारखीही दिसू शकते. सोनोग्राफी गुणसूत्रं पाहत नाही.

‘फोर-डी’ स्कॅनमधला बाळाचा गोंडस चेहरा म्हणजे सगळं ठीक असल्याचा पुरावा, असं समजू नये. ते परतलेल्या ध्वनीवरून संगणकाने रचलेलं त्वचेचं चित्र असतं. मेंदू, हृदय, मूत्रपिंडं तपासायची ती मुख्यतः जुन्या करड्या छेदचित्रांतच.

बाळाच्या स्थितीमुळे हृदय नीट दिसलं नाही, पुन्हा या, असं सांगितलं तर घाबरू नका आणि टाळूही नका. आईला आधीपासून मधुमेह असेल, किंवा आईवडील वा भावंडांपैकी कुणाला जन्मजात हृदयदोष असेल, तर गर्भाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी, म्हणजे ‘फीटल इको’, करायची का हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.